गोल बर्नरची ज्योत पिवळी का होते?

ठाणे-नवी मुंबईत सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला की तक्रार ठरलेली: "आच लागत नाही." बर्नर तोच चालतो, जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) मात्र बदलावा लागतो. तेवढ्याच घनफळात नैसर्गिक वायूची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी, शिवाय दाब 30 ऐवजी 21 मिलिबार. म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. ते सुईने कोरू नका. धार तिरकी जाते, हवा नीट ओढली जात नाही. गॅस कंपनीच्या माणसाकडूनच जेट बदलून घ्या.

गोल आकार आला दिव्यातून. 1780च्या सुमारास संशोधक आर्गां यांनी पोकळ, नळीसारखी वात केली. हवा आतूनही मिळू लागली आणि उजेड कितीतरी वाढला. पुढे गॅसच्या दिव्यात वातीऐवजी बारीक भोकांचं कडं बसलं, त्यावर काचेची चिमणी. तिथे पिवळी ज्योतच हवी होती, कारण उजेड देतात ते तापलेले काजळीचे कण. शेगडीला नेमकं उलटं लागतं. 1855च्या बुन्सेन बर्नरप्रमाणे गॅसमध्ये आधीच हवा मिसळली, की ज्योत निळी आणि पातेल्याचं बूड स्वच्छ.

दूध उतू गेलं की भोकं बुजतात आणि ज्योत पिवळी होते. पितळी टोपी गार झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, भोकं पिनेने मोकळी करा, पूर्ण वाळवूनच बसवा. तिरकी बसली तर एकाच बाजूला पिवळी जीभ निघते. ज्योत भोकांपासून सुटून फुरफुरत असेल तर हवा जास्त आहे. एअर शटर (बर्नरच्या नळीवरची हवेची झडप) किंचित मिटवा.