नेऊन रायलो

पांढरकवडा. रात्रीचे साडेनऊ. लॉजच्या खोलीत दोन सायकली, दोन पलंग आणि एक घोरणारा माणूस. पाय ठणकताहेत, ते ठीक आहे. शंभराच्या वर किलोमीटर झाले आज, ठणकणारच. झोप मात्र पायांमुळे गेलेली नाही.

वडकीच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. टपरीवाल्यानं सायकली पाहिल्या, त्यांच्यावर लादलेलं सामान पाहिलं आणि विचारलं, "कुठवर जी?" माझ्या तोंडात आलुबोंडा होता. तो गिळेपर्यंत साळेबुवा बोलून मोकळे झाले.

"कन्याकुमारी. आमचे जवाई हायेत हे. यायले नेऊन रायलो."

नेऊन रायलो!

टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं ते थेट म्हाताऱ्या माणसाला एसटीत चढवताना कंडक्टर पाहतो तसं. बसायला स्टूलही पुढे केलं. मला एकट्यालाच.

आता यात लागण्यासारखं काय आहे? शब्द साधा आहे. बैल बाजारात नेतात, आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, कापूस जिनिंगला नेतात. तो तर आज दिवसभर समोरून येत होता, हिंगणघाटकडे निघालेले ट्रॅक्टर, ट्रॉल्या वरपर्यंत दाबून भरलेल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिलेले पांढरे पुंजके. सकाळच्या थंडीत ते बघायला किती छान वाटलं होतं. वडकीनंतर मात्र प्रत्येक ट्रॅक्टरकडे पाहून एकच मनात यायचं, याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की तो उत्तरेला चाललाय आणि मी दक्षिणेला.

बरं, बेत कुणाचा? माझा. सहा महिने नकाशा घेऊन मी बसलो होतो. सात नंबरचा रस्ता (कागदावर तो ४४ होऊन कितीतरी वर्षं झाली, माझ्या तोंडून सातच निघतं) धरून आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, मदुराई. सोळाशेच्या वर किलोमीटर, रोजचे ऐंशी धरले तर तीन आठवडे. कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, तेही मीच लिहून काढलं. मग ऑगस्टमधला तो प्रकार झाला आणि हिनं अट घातली, एकट्यानं जायचं नाही. म्हणून साळेबुवा आले. म्हणजे हिशेबानं मी त्यांना नेतोय.

पण हिचा फोन येतो तो त्यांना. आज तीनदा आला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असताना साळेबुवा फोनवर सांगताहेत, "हाव, खाल्लं त्यायनं. गोळी घेतली. नाई, दम नाई लागला." दम लागला होता. ते त्यांनी सांगितलं नाही, याचं बरं मानावं की वाईट, ते अजून ठरत नाहीये.

गोळीचं जाऊ द्या.

वडनेरच्या पुढे म्हणाले, "भाऊजी, माह्या मागच्या चाकाले धरून चला." राहिलो. पुढचा माणूस हवा फोडत जातो, मागच्याला तेवढं कमी ओढावं लागतं. आमच्या वेगाला फरक थोडाच पडतो, पण संध्याकाळपर्यंत तो थोडा थोडा साठतो. हे शास्त्र निघायच्या आधी मीच त्यांना समजावलं होतं. समजावताना मागच्या चाकाच्या जागी मी स्वतःला धरलं नव्हतं. आणि आता इतकं लिहिल्यावर लक्षात येतंय की टपरीवर तो गडी खोटं काहीच बोलला नाही. चांगले चार तास मला नेलंच त्यानं. शब्द लागला तो खरा होता म्हणून की काय?

आयुष्यभर मीच नेत आलो. आईला नागपूरला नेलं, पोरींना परीक्षेला नेलं, शाळेची सहल नेली (आणि परत आणली, मोजून). मला शेवटचं कुणी नेलं असेल तर बाबांनी. दांडीला टॉवेल गुंडाळून गावाहून हिंगणघाटला. वाटेत कुणी हटकलं की म्हणायचे, "पोट्ट्याले नेऊन रायलो, जिनिंग दाखवाले." तेव्हा कसा ताठ बसायचो मी! हँडल बाबांचं, पायडल बाबांचं, घंटी माझी. चढाला बाबा उतरून सायकल लोटायचे, तेव्हाही मी दांडीवरच, घंटी वाजवत. तेव्हा बाबा किती वर्षांचे असतील याचा आत्ता हिशेब मांडला आणि अर्ध्यातच सोडला.

घंटीवरून आठवलं. साळेबुवांच्या सायकलीला घंटी नाही. वीस-बावीस गिअर आहेत, पाण्याच्या दोन बाटल्या आहेत, टॉर्चसारखा दिवा आहे, पण घंटी म्हणे वजन वाढवते. करंजीच्या पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यावर. हे पुढून "ए भाऊ, ओ भाऊ" करताहेत. शेळ्या कुणाच्या भाऊ? शेवटी मागे वळून म्हणाले, "भाऊजी, वाजवा ना!" वाजवली. शेळ्यांनी रस्ता दिला. राखणाऱ्या पोरानं दात काढले. त्यानंतर पांढरकवड्यापर्यंत गाय आली, वराह आले, लग्नाची वरात आली की साळेबुवा नुसता हात वर करायचे आणि मी मागून वाजवायचो. मजा आली, खोटं कशाला सांगू.

खाली लॉजचा पोऱ्या टिपेश्वरच्या वाघांचं सांगत होता. इथून जवळच आहे अभयारण्य. तिथलाच एक नर वाघ २०१९ साली निघाला आणि तेलंगणात शिरून, परत फिरून, पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन राहिला. तीन हजार किलोमीटरांच्या वर चालला. एकटा. त्याला कुणी नेलं नाही, चहाच्या टपरीवर त्याची ओळख कुणी करून दिली नाही. ऐकताना पहिल्यांदा हेवाच वाटला. मग आठवलं, गळ्यात रेडिओ कॉलर होती त्याच्या. कुठे बसला, कुठे उठला, सगळं वनखात्याला कळत होतं. माझ्या फोनचं लोकेशन हिच्याकडे सकाळपासून चालू आहे. आताही ते पांढरकवडा दाखवत असेल आणि साडेनऊ होऊन गेले तरी हा जागा कसा, असा फोन साळेबुवांना यायचा.

आलाच. घोरणं थांबलं. "हाव, झोपले ते." पुन्हा घोरणं सुरू.

उद्या पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आदिलाबादेत मराठी समजतं पुष्कळांना, तिथे पुन्हा टपरी आली की पुन्हा माझी ओळख होणार. पण निर्मलच्या पुढे? साळेबुवांना तेलुगूचा एक शब्द येत नाही. "नेऊन रायलो"ला तेलुगूत काय म्हणतात ते त्यांना काही सांगता यायचं नाही.

मलाही येत नाही म्हणा. दोघंही हातवारे करू.