गॅरेजमधली सेव्हन

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार आली १९५७ ला, आणि तेव्हापासून इंग्लंडात लोक ती घरीच जोडतायत. कारण सरळ पैशाचं, तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर नाही. १९७३ ला तो टॅक्स गेला, सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, पण घरी जोडायचं वेड काय गेलं नाही.

माझी खरी सेव्हन नाही बरं का, तिच्यासारखी. चौकोनी पाइप वेल्ड करून केलेली चासी, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एका गंजलेल्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेलं, म्हणजे सगळं एकमेकांना जुळतं, शोधाशोध वाचते. इंजिन बसवणं त्यामानाने सोपंय हो, डोकं खातं ते वायरिंग, माझदाचा हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा) म्हणजे नुसता शेवयांचा गुंता, कुठली वायर ठेवायची कुठली कापायची ते मीटर लावून एकेक बघत बसा. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "अरे, हिला दारं कुठायत?"

आता आयव्हीए टेस्ट बाकीय, म्हणजे घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी. तिथे बाहेरच्या कडासुद्धा तपासतात, २.५ मिमी गोलाई हवीच, म्हणून सध्या बोल्टांना प्लास्टिकच्या टोप्या घालणं चाललंय.