कंबरदुखी, एमआरआय आणि फिटची गोळी

आमच्या सोलापुरात कंबर दुखते म्हटलं की समोरचा दोनपैकी एक निदान करून मोकळा होतो. ‘मणक्यात गॅप आलाय’ नाहीतर ‘वात आहे.’ मला दोन्ही मिळाली. पहिल्याला तर एमआरआयचा पुरावाही होता, कमरेतल्या शेवटच्या दोन गाद्या थोड्या बाहेर आलेल्या. मग ओघानेच पट्टा, पेनकिलर, फिजिओथेरपीचा मशीनचा शेक, ट्रॅक्शन आणि रात्री सासूबाईंच्या आग्रहाने महानारायण तेल. शेक घेतला की दोन घटका बरं वाटायचं, की पुन्हा जैसे थे.

रिपोर्टमध्ये लिहिलेलं खरंच होतं. फक्त त्याचा माझ्या दुखण्याशी फारसा संबंध नव्हता. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या अशाच फुगलेल्या निघाल्या. म्हणजे माझ्या वयाच्या कुणालाही मशीनमध्ये झोपवलं, तरी काही ना काही सापडण्याची शक्यता भरपूर. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी इमानेइतबारे पट्टा आवळून ऑफिसला जात होते.

खटकायचं ते वेगळंच. गादीचं दुखणं बहुतेकदा एका पायात उतरतं, मुंग्या येतात. माझ्या दोन्ही मांड्या भरून यायच्या, बरगड्या ठणकायच्या, कूस बदलताना जीव जायचा. पाटावर बसले तर उठताना भिंत धरावी लागायची. एसटीत चढताना मी एका हाताने दांडी पकडायची आणि दुसऱ्या हाताने स्वतःचीच मांडी उचलून पायरीवर ठेवायची. नणंद एकदा म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही बदकासारख्या डुलत चालायला लागलात.’’ घरात सगळे हसले, मीही हसले. ते लक्षण आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असणार?

मधल्या काळात थायरॉइड, युरिक अ‍ॅसिड, संधिवातासाठीचा आरए फॅक्टर सगळं होऊन गेलं, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर ‘फार मनावर घेऊ नका’ असंही सुचवलं. बाईने सगळीकडे दुखतंय म्हटलं की गाडी मनावर यायला वेळ लागत नाही.

शेवटी एका मेडिसिनच्या मॅडमकडे गेले. एमआरआयची भलीमोठी पिशवी मी पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. ‘‘ताई, हाताची घडी घाला आणि आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा.’’ मला उठता येईना. मग त्यांनी नडगीच्या हाडावर अंगठा दाबला आणि मी केबिनबाहेर ऐकू जाईल अशी ओरडले. छातीच्या मधल्या हाडावर दाबलं तेव्हाही तेच. तोवर मी कंबर दुखते, स्नायू दुखतात असंच सांगत आले होते. हाडं दुखत असतील असं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

‘‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’’ मी पेनकिलर, गॅसची, कॅल्शियमची अशी यादी सांगितली. ‘‘दुखण्याच्या नाही, सगळ्या. पर्समधल्या काढा बरं.’’ त्यातून फेनिटॉइनची स्ट्रिप निघाली. कॉलेजात असताना मला फिट आली होती, तेव्हापासूनची ही गोळी. फिट पुन्हा आली नाही, गोळी चालू राहिली. मीठ-साखरेसारखी घरातलीच झालेली गोष्ट कोण औषधात मोजतं? तिच्याबद्दल आधी विचारलं होतं ते एका दाताच्या डॉक्टरांनी, हिरड्या वाढलेल्या बघून.

मॅडमनी सांगितलं ते असं. फेनिटॉइनमुळे यकृतातली काही एन्झाइम्स जोरात कामाला लागतात आणि ती शरीरातल्या व्हिटॅमिन डीचाही फडशा पाडतात. डी नाही तर आतड्यातून कॅल्शियम, फॉस्फरस नीट शोषले जात नाहीत. हाडाचा सांगाडा तयार होतो, पण त्यात खनिजं भरली जात नाहीत. अशी हाडं मऊ राहतात आणि मांड्या-खुब्यांचे स्नायू दुबळे होतात. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. ऑस्टिओपोरोसिस वेगळा. त्यात हाडाचा मालच कमी होतो, आणि तो सहसा हाड मोडेपर्यंत दुखत नाही.

रिपोर्ट आले. डी सातच्याही खाली, वीसच्या खाली कमतरता धरतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पीटीएच हे हार्मोन वाढलेलं, अल्कलाइन फॉस्फटेज चारशेच्या पुढे. या शेवटच्या आकड्याने मला फार चीड आली, कारण जुन्या फायलीतही तो ठळक अक्षरात वाढलेला होता. ही तपासणी लिव्हरच्या यादीत छापलेली असते, म्हणून तेव्हा माझ्या लिव्हरची सोनोग्राफी झाली, ती नॉर्मल आली आणि विषय संपला. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येतं, हे कुणी बोललंच नाही. खुब्याच्या एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेवर आतल्या बाजूने एक बारीक रेघ दिसली. मऊ हाडात पडणारी अर्धवट चीर. ओझं उचलणं त्याच दिवसापासून बंद. किडनीची आणि सिलिअ‍ॅकची, म्हणजे गहू आतड्याला न सोसण्याच्या आजाराची तपासणीही केली, डी आणखी कुठे गळत नाही ना हे बघायला. दोन्ही ठीक होत्या.

सोलापूरच्या उन्हात डी कमी, यावर नातेवाइकांनी भरपूर करमणूक करून घेतली. पण स्कूटरवर सनकोट, डोळ्यांपर्यंत स्टोल, हातमोजे आणि दिवसभर तळमजल्यावरच्या गाळ्यात हिशेब, यात ऊन अंगाला लागणार कधी? खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं आपल्याकडे कौतुक फार, पण त्यातही ते किरण नगण्यच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन हवं.

उपचार ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. साठ हजार युनिटची डीची कॅप्सूल आठवड्याला एक, शिवाय कॅल्शियम. फेनिटॉइन घेणाऱ्याला डीचा डोस इतरांपेक्षा जास्त लागू शकतो, म्हणून ठरावीक कोर्सवर न थांबता तपासण्या करत पुढचं ठरलं. कॅल्शियम आणि फेनिटॉइन एकत्र घ्यायचं नाही, दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर फिटची गोळी नीट शोषली जात नाही. आणि मॅडमनी बजावून सांगितलेली गोष्ट म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक सोडली तर फिट येऊ शकते, एकामागून एक आल्या तर जिवावर बेतू शकतं. पुढे न्यूरोलॉजिस्टनी हळूहळू तिचा डोस उतरवत लेव्हेटिरासेटाम ही फिटचीच दुसरी गोळी सुरू केली, तिचा डीवर असा परिणाम होत नाही.

आधी मांड्यांत जोर आला. काही आठवड्यांत पाटावरून आधाराशिवाय उठायला लागले. हाडांच्या ठणक्याने मात्र अंत पाहिला, तो कित्येक महिने रेंगाळला. एक्स-रेतली रेघ भरून आली. गाद्या अर्थातच होत्या तिथेच आहेत, आणि पावसाळी हवेत कंबर अधूनमधून कुरकुरते. तेवढी कुरकुर वयाच्या खात्यात टाकली आहे.

माझ्या चुलत दिरांना कार्बामाझेपिन चालू आहे, तीही त्याच जातीची गोळी. मी मागे लागून त्यांना डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासायला लावलं. डी कमी निघालं, बाकी जागेवर. ‘‘मला तर काहीच दुखत नाही,’’ असं म्हणत का होईना, त्यांनी कॅप्सूल सुरू केली आहे.