स्विच बदलल्यावर रीड-ओन्ली: १५ सेकंद आणि ३० सेकंद

शनिवार, रात्र

हा हिशेब एकदा नीट लिहून ठेवायला हवा. स्टोरेज नेटवर्कचा स्विच बदलला, की थोड्या वेळाने तक्रार येते: सर्व्हर चालू आहे, लॉगिन होतं, फाइली वाचता येतात, पण डेटाबेसला लिहिता येत नाही. अशा वेळी हात आधी रीमाउंटकडे (फाइलसिस्टिम लिहिण्यासाठी पुन्हा जोडण्याकडे) जातो. तो आवरावा. जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) लिहिताना एरर आली की ईएक्सटी-फोर ही लिनक्सची फाइलसिस्टिम जर्नल सोडून देते आणि पुढचं नुकसान टाळायला रीड-ओन्ली होते. नुसत्या रीमाउंटने ते जर्नल परत सुरू होत नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम तर पूर्ण शटडाउनच घेते.

आधी डीमेसेज (लिनक्स कर्नलचे संदेश) पाहावं. लॉगची फाइल त्याच डिस्कवर असेल तर शेवटच्या, नेमक्या कामाच्या ओळी तिच्यात उतरलेल्याच नसतात.

आता आयस्कझीचं, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या प्रोटोकॉलचं, गणित. नूप-आउट (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) दर ५ सेकंदांनी जातो, उत्तराची वाट ५ सेकंद पाहतो. मल्टीपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग, म्हणजे पाथ) असेल तर रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेलं कनेक्शन परत येण्याची वाट पाहण्याचा वेळ, १२० सेकंदांवरून ५ वर आणलेला असतो. म्हणजे साधारण १५ सेकंदांत पाथ फेल. दोन्ही पाथ एकाच स्विचवरून जात असतील आणि नव्या स्विचवर सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट (पलीकडे स्विच नाही, थेट सर्व्हर आहे असे पोर्ट) म्हणून लावलेले नसतील, तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधले लूप टाळणारा स्विचचा प्रोटोकॉल, लिंक आल्यावरही १५ अधिक १५, असे ३० सेकंद पोर्ट अडवून ठेवतं. पाथ तोवर फेल झालेले असतात. मल्टीपाथमध्ये ‘नो पाथ रिट्राय’ (एकही पाथ उरला नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा) फेलवर असेल तर एरर थेट फाइलसिस्टिमवर आदळते. केबल, लाइट, पिंग नंतर सगळं ठीक दिसतं, म्हणून दोष डिस्कवर जातो.

पोर्ट एज करावेत आणि रिट्राय १२ ठेवावा; पोलिंग (पाथची तपासणी) ५ सेकंदांचं असेल तर सुमारे मिनिटभर दम निघतो. कायमचं क्यू, म्हणजे पाथ येईपर्यंत राइट रांगेत अडवून ठेवणं, मला पटत नाही: स्टोरेज खरंच गेलं तर प्रोसेस डी-स्टेटमध्ये (न मारता येणाऱ्या थांबलेल्या अवस्थेत) अडकतात आणि सर्व्हर बंदही होत नाही. आयस्कझीच्या मुख्य कॉन्फिगमधला बदल आधीच जोडलेल्या टार्गेटना (स्टोरेजच्या टोकांना) लागत नाही. त्यांच्या नोड रेकॉर्डमध्ये वेगळा करून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

जंबो फ्रेमचा, म्हणजे ९००० बाइटच्या मोठ्या पॅकेटचा, घोळ याहून फसवा. लॉगिनची पॅकेट लहान, ती जातात. मोठं राइट अडकतं. ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याची अट घालून, प्रत्येक पाथवरून मारावा. हेडरचे २८ धरून ९००० भरतात.

दुरुस्तीचा क्रम: सगळे पाथ ॲक्टिव्ह दिसेपर्यंत डिस्कला हात नाही. मग ॲप्लिकेशन थांबवा, अनमाउंट करा आणि मल्टीपाथच्या डिव्हाइसवर, सुट्या एसडीवर (एकेका पाथच्या डिस्क-नावावर) नव्हे, एफएसचेक (फाइलसिस्टिमची तपासणी) सक्तीने चालवा. एक्सएफएस असेल तर आधी नुसतं माउंट करून लॉग रीप्ले होऊ द्या. रूट फाइलसिस्टिम असेल तर रीबूट करून बूटच्या वेळी तपासणी. मल्टीपाथचं कॉन्फिग बदललं असेल तर रीबूटआधी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्याने बांधा, नाहीतर सर्व्हर जुन्याच सेटिंगने उठतो.