शेपटीचा हायफन सापडला: डब्ल्यूसीएसटॉम्ब्सचा परतावा पुरेसा नाही

मागच्या नोंदीत अडलेलं कोडं सुटलं. सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यूसीएसटॉम्ब्स या फंक्शनने वाइड कॅरेक्टरच्या (प्रत्येकाला ठरावीक आकाराचं एकक) यादीतून युटीएफ-८ (एका अक्षराला एक किंवा अधिक बाइट) फाइल लिहिताना मधल्याच एखाद्या शब्दाला फुकटचा हायफन चिकटत होता. त्यात लोकेलचा (भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगचा) काही दोष नाही. सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग दिलेली आहे, परतावा (फंक्शनने परत दिलेली किंमत) नल येत नाही आणि जीलिबसीवर (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) एमबी_कर_मॅक्स, म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त लागणारे बाइट, ६ दिसतो. तुमच्याकडे १ दिसत असेल तर आधी तेवढं निस्तरा. प्रोग्रॅम 'सी' लोकेलमध्येच सुरू होतो, आणि तिथे देवनागरीच्या पहिल्याच अक्षराला -१ (रूपांतर जमलं नाही) मिळतो.

आता मूळ दुखणं. बफर (बाइट तात्पुरते ठेवायची जागा) १७ बाइटांचा, डब्ल्यूसीएसटॉम्ब्सला दिलेली मर्यादा १६, आणि नंतर 'खबरदारी' म्हणून १६व्या इंडेक्सवर शून्य (सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण). असा कोड जागोजागी सापडतो आणि दिसायला निर्दोष दिसतो. त्यात 'वाचनालय' घाला. सात कोड पॉइंट (युनिकोडमधली सुटी अक्षरं आणि मात्रा), प्रत्येकी तीन बाइट, एकूण २१. सोळांत पाच बसतात, म्हणजे १५ बाइट. सहाव्या 'ल'ला तीन बाइट हवेत आणि उरलाय एक. अर्धं अक्षर लिहायचं नाही हा नियम फंक्शन इमानेइतबारे पाळतं, तिथेच थांबतं आणि १५ परत करतं. शेवटचं शून्य मात्र टाकत नाही. त्यामुळे १५व्या इंडेक्सवर आधी जे होतं तेच राहतं. आमच्या फाइलमध्ये त्या आधीची ओळ सोळा हायफनांची रेघ होती. म्हणून 'वाचना-'.

'परतावा मर्यादेइतका आला तर शून्य नाही, एवढं तपासा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. सी भाषेच्या मानकातली तळटीपही तेवढंच सांगते. एकेक बाइटाच्या अक्षरांना ते पुरतं. इथे १५ हा १६पेक्षा लहान आहे, तपासणी आरामात पास होते आणि शब्द तरीही तुटलेला असतो. मर्यादा १६ असताना नेमकं १५ बाइटांचं, पूर्ण झालेलं 'वाचना' दिलं तरी परतावा १५च. दोन्ही प्रसंगांत आकडा तोच, त्यामुळे आकड्यावरून फरक कळणारच नाही.

मेमरीच्या चुका पकडणारी अवजारंही गप्प बसतात. ॲड्रेस सॅनिटायझरच्या दृष्टीने १५वा इंडेक्स बफरच्या आतच आहे. व्हॅलग्राइंड कोऱ्या मेमरीवर ओरडतो, पण ती जागा आधीच्या ओळीने भरलेली आहे, तेव्हा तोही शांत. दर वेळी मेमसेटने बफर शून्याने भरला तर हायफन जातो खरा, पण 'लय' गुपचूप गायब होतं आणि दिसणारी एकमेव खूणही पुसली जाते. माझ्या मते हा उपाय रोगापेक्षा वाईट.

खरा उपाय मधला 'आर' असलेल्या भावंडात, म्हणजे डब्ल्यूसीएसआरटॉम्ब्समध्ये. त्याला स्रोताच्या पॉइंटरचा पत्ता द्यायचा असतो. शेवटच्या शून्यापर्यंत पोचलं तर तो पॉइंटर नल होतो, नाहीतर पुढच्या न झालेल्या अक्षरावर उभा राहतो. म्हणजे पॉइंटर नल झाला तरच काम संपलं.

लूप असा: एमबीस्टेट_टी (रूपांतराची चालू स्थिती) शून्याने भरा, पॉइंटर स्ट्रिंगच्या सुरुवातीला ठेवा आणि तो नल होईपर्यंत फंक्शन बोलवत राहा. दर फेरीत परतावा जेवढा, तेवढेच बाइट एफराइटने लिहा. शून्य सापडेपर्यंत छापणाऱ्या पर्सेंट-एसला हात लावायचा नाही, म्हणजे शून्याचा प्रश्नच मिटतो. परतावा ० आणि पॉइंटर नल नाही, असं झालं तर बफर एका अक्षराइतकाही नाही. तिथे बाहेर पडा, नाहीतर लूप कायमचा फिरेल. मर्यादा मुद्दाम १५ करून 'वाचना' चालवलं तेव्हा पहिल्या फेरीत १५ आले, पॉइंटर शेवटच्या शून्यावर. दुसऱ्या फेरीत ० आणि पॉइंटर नल. अगदी काठावरचा प्रसंग, आणि एकही जादा इफ न लावता पार पडला. झकास!

इथेच नोंद संपायची होती, पण चाचणीच्या फाइलमध्ये एक सुटा सरोगेट (युटीएफ-१६मध्ये काही अक्षरांना दोन एककांची जोडी लागते, त्यातलं एकटं एकक) निघाला. युटीएफ-१६च्या डेटातलं प्रत्येक १६ बिटांचं एकक सरळ चार बाइटांच्या डब्ल्यूचार_टीमध्ये ओतलं की असं होतं. डी८३डी आणि डीई०० ही जोडी आधी जोडून १एफ६०० करायला हवी. सुटी राहिली तर ईआयएलएसईक्यू (अवैध अक्षराची चूक) ठरलेला. पॉइंटर बिघडलेल्या अक्षरावर थांबतो, हे उत्तम. पण परतावा -१, आणि त्याआधी बफरमध्ये किती बाइट नीट लिहिले गेले ते थेट कळत नाही! शिवाय अशा चुकीनंतर एमबीस्टेटची स्थितीही अनिश्चित, ती पुन्हा शून्याने भरावी लागते.

म्हणून बेत बदलला: एकेक अक्षर, डब्ल्यूसीआरटॉम्बने. हे फंक्शन मर्यादा विचारतच नाही, म्हणून थेट मुख्य बफरच्या शेपटीत लिहू देऊ नका. एमबी_लेन_मॅक्स आकाराचा छोटा बफर घ्या (जीलिबसीत १६, मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत ४), त्यात अक्षर उतरवा, मुख्य बफरात जागा नसेल तर तो आधी फाइलीत रिकामा करा, मग मेमकॉपी. -१ आला तर ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट (बिघडलेल्या अक्षराच्या जागी टाकायचं चिन्ह, एफएफएफडी) टाका, स्टेट पुसा, पुढे चला. हिशेब कुठेच हरवत नाही. वेग कमी पडेल, पण हजारभर ओळींच्या यादीला तो कोण विचारतो?

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे डब्ल्यूचार_टी दोन बाइटांचा, तेव्हा वाइडचारटूमल्टीबाइट वापरा. युटीएफ-८ कोडपेज दिल्यावर शेवटचे दोन्ही आर्ग्युमेंट नलच हवेत, आणि डब्ल्यूसी_एर_इनव्हॅलिड_चार्स हा फ्लॅग लावला नाही तर सुटे सरोगेट निमूटपणे एफएफएफडी होऊन जातात.

हे लिहिता लिहिताच आयकॉन्व्ह (मजकूर एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात नेणारं फंक्शन) आठवलं. आयकॉन्व्ह_ओपनला आधी 'युटीएफ-८', मग 'डब्ल्यूचार_टी' (हवं ते रूप आधी, असलेलं नंतर, उलटं दिलं तर भलतंच होईल). जागा संपली तर ई२बिग, अक्षर चुकलं तर ईआयएलएसईक्यू, आणि दोन्ही वेळी आत-बाहेरचे पॉइंटर आणि उरलेले बाइट अद्ययावत. म्हणजे वरच्या हरवलेल्या आकड्याचा प्रश्नही निकालात, आणि लोकेलची कटकटही नाही. डब्ल्यूसीआरटॉम्बची आवृत्ती चालू आहे ती तशीच राहील. पुढच्या नोंदीत त्याच फाइलवर आयकॉन्व्हची आवृत्ती, मर्यादा १ पासून २१ पर्यंत एकेकाने वाढवून.