मैसूरचा दसरा: गच्चीवरची खुर्ची घेऊ नका

विजयादशमीच्या दिवशी मैसूरच्या सयाजीराव रस्त्यावरील एका गच्चीवर, माणशी 1500 रुपये मोजून मिळवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी साडेपाच तास बसलो, आणि ज्या अंबारीसाठी हा सारा खटाटोप केला होता ती मला जेमतेम अर्धा मिनिट, तीही शुभेच्छांच्या एका भल्यामोठ्या फलकाच्या वरून दिसली. आमच्या लॉजच्या व्यवस्थापकाने "पहिली रांग, सर" असे सांगून ही जागा मिळवून दिली होती. प्रत्यक्षात आमच्यापुढे तीन रांगा होत्या आणि मिरवणूक जवळ येताच त्या तिन्ही रांगांतील माणसे खुर्च्यांवर उभी राहिली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव मिरवणाऱ्या रस्त्यावर मराठी माणसाला उगीच घरच्यासारखे वाटते, आणि तिथेच तो फसतो.

म्हणून पहिला सल्ला असा की, जागा स्वतः चढून पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये. प्रशासनाचा अधिकृत पास मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर सकाळीच टोपी, पाणी आणि बसायला जुनी चादर घेऊन पदपथावर ठाण मांडावे. राजवाड्यातून निघून के. आर. सर्कल आणि सयाजीराव रस्त्यावरून बन्नीमंटप मैदानापर्यंत जाणारी ही जंबू सवारी, म्हणजेच अंबारीची मिरवणूक, सुमारे 5 किलोमीटरची असते. आधी चित्ररथ आणि लोकनृत्यांची पथके जातात, अंबारीचा हत्ती शेवटाकडे येतो. चामुंडेश्वरीची मूर्ती असलेली, सोन्याने मढवलेली ती अंबारी साधारण 750 किलो वजनाची आहे आणि 2020 पासून ती अभिमन्यू नावाचा हत्ती वाहत आला आहे. तो अर्धा मिनिट मात्र खरोखर विलक्षण होता, हे रागातही मान्य करावे लागते: एवढे ओझे पाठीवर घेऊन तो प्राणी इतका संथ चालत होता की माझ्यापुढचे आरडाओरडा करणारे लोकही क्षणभर गप्प झाले.

पण हेच हत्ती आम्ही चार दिवस आधी, सकाळी चहाला बाहेर पडलो असता, त्याच रस्त्यावर फुकट आणि दहा हातांवरून पाहिले होते. दसऱ्यापूर्वी काही आठवडे त्यांना वाळूच्या पोत्यांचे वजन आणि पुढे लाकडी अंबारी पाठीवर देऊन मिरवणुकीच्या मार्गाने चालण्याचा सराव दिला जातो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर हा सराव पाहावा, विजयादशमीला दूरदर्शनसमोर बसावे आणि त्याची मुळीच खंत बाळगू नये.

रिक्षांविषयी थोडक्यात सांगतो: त्या आठवड्यात मीटर हा शब्द उच्चारण्यात अर्थ नव्हता. मिरवणुकीनंतर बन्नीमंटपाहून रेल्वे स्थानकापर्यंतच्या थोड्याशा अंतराला 600 रुपये मागण्यात आले. आम्ही चालत गेलो आणि आपणही चालण्याची तयारी ठेवूनच जावे. शहर बस स्वस्त आणि चांगली आहे. मात्र कर्नाटकातील महिलांचा मोफत प्रवास राज्यातील रहिवाशांपुरताच आहे, त्यामुळे आपल्याकडील महिलांनी मुकाट्याने तिकीट काढावे.

खंडेनवमीला, म्हणजे तिकडच्या आयुधपूजेला, भाड्याची दुचाकी घेऊ नये. दुकानांपुढे आणि वाहनांपुढे फोडलेल्या कोहळ्यांचा गर रस्त्यावर पसरलेला असतो आणि त्यावरून माझी गाडी दोनदा घसरली.

देवराज मार्केट, तिथली हातावर मोजून विकली जाणारी मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याची माळ, दोघांत वाटून घेतलेली 'बाय-टू' कॉफी, घराघरांत पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या हे सारे छान होते. त्यात अडचण काहीच आली नाही, म्हणून सांगण्यासारखेही फारसे नाही. चामुंडी टेकडीच्या हजारएक पायऱ्या मात्र सूर्योदयापूर्वी चढाव्यात. राजवाड्याची रोषणाई पाहायला नवरात्रीच्या सुरुवातीच्या दिवसांत जावे. शेवटच्या तीन रात्री फाटकापाशी जी रेटारेटी असते, तिच्यात माझी एक चप्पल गेली ती गेलीच.

परतीचे तिकीट विजयादशमीच्या रात्रीचे काढू नये. आम्ही काढले होते, आणि आरक्षित डब्यातील आमच्या दोन जागांवर सात माणसे बसलेली होती.