रंग नव्हे, खाणं बघून घेतलेला साप

मिल्क स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप पाळायला घ्यायचा विषय मी घरात काढला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "चावला तर?" यांनी विचारलं, "पकडून नेतील का गं?" यांच्या प्रश्नात जास्त दम होता, म्हणून आधी कागदांचं सांगते.

आपल्याकडचा कुठलाही साप, अगदी गरीब कवड्यासुद्धा, घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. माझं माहेर शिराळा तालुक्यातलं, त्यामुळे हे मला कुणी शिकवायला नको. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची नागपंचमी न्यायालयाच्या आदेशाने थांबली, ते आमच्या थोरल्या मामांनी अजून मनाला लावून घेतलंय. परदेशी प्राण्यांचं मात्र वेगळं आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. बॉल पायथन, इग्वाना त्यात येतात. मिल्क स्नेक साइट्सच्या यादीत नाही. पण म्हणून कागद नकोत असं नाही. बाहेरून जिवंत प्राणी परवान्याशिवाय आणता येत नाही, तेव्हा आपलं पिल्लू इथेच, पाळलेल्या जोडीपासून जन्मलं याचा लेखी पुरावा आणि रीतसर बिल जवळ हवंच. जो विकणारा "बिलाचं काय एवढं" म्हणतो, त्याच्याकडचा साप कितीही देखणा असो, उठून यायचं.

मी वनखात्याच्या कार्यालयात शास्त्रीय नाव, फोटो असा अर्ज दिला आणि पोच घेतली. फोटो बघून तिथल्या साहेबांनी विचारलं, "हा पोवळा नव्हे ना?" प्रश्न रास्त होता. लाल, काळे, पिवळे पट्टे ही अमेरिकेतल्या विषारी पोवळ्या सापांची नक्कलच आहे; बिनविषारी मिल्क स्नेक त्या भीतीच्या जोरावर जगतो. गल्लीतल्या लोकांना मात्र विषाची काळजी नव्हती. "कितीला जाईल?" एवढंच ते विचारत होते. मांडुळाच्या तस्करीच्या बातम्या वाचून वाचून आपल्याकडे साप म्हटलं की आधी लाखातली रक्कम आठवते.

आता निवड. पूर्वी मिल्क स्नेक ही एकच जात आणि तिच्या दोन डझनांच्या आसपास उपजाती असं धरत. २०१४ साली जनुकीय अभ्यासानंतर तिच्या सात वेगळ्या जाती मानाव्यात असा प्रस्ताव आला. पाळणारे अजून जुन्या नावांनीच बोलतात: होंडुरन, सिनालोअन, प्युब्लन. फोटोत प्युब्लन सगळ्यात सुंदर दिसतो आणि माझंही मन तिथेच अडकलं होतं. पण खरी गोष्ट खाण्याची आहे. काही मिल्क स्नेकची पिल्लं इतकी बारीक निघतात की उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लूही त्यांना मोठं होतं. काहींना उंदीर नकोच, पाल हवी असते. होंडुरन अंगाने थोराड, पूर्ण वाढला की चार-पाच फूट, आणि त्याची पिल्लंही मुळात दांडगी. म्हणून होंडुरन घ्यायचा ठरला.

पुण्यातल्या ज्याच्याकडून घेतला त्याने नारिंगी झाक असलेलं एक पिल्लू पुढे केलं. मी वही मागितली. कोणत्या तारखेला काय खाल्लं, कधी नाकारलं, कात कधी टाकली, याची नोंद प्रत्येक पिल्लाची असते, निदान असायला हवी. नारिंगीच्या पानावर नकारच नकार होते. शेजारच्या डब्यातलं साध्या लाल पट्ट्यांचं पिल्लू दर वेळी गोठवलेला, मग कोमट केलेला उंदीर न कुरकुरता खात होतं. "माझ्यासमोर खायला घाला," म्हटलं. त्याने घातलं, पिल्लाने वेटोळं आवळलं आणि गिळायला लागलं. मग डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीच्या टोकाला जुनी कात चिकटलीय का, पाठीच्या कण्यात गाठ आहे का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का, खवल्यांच्या फटीत गोचिडासारखे काळे ठिपके आहेत का, हे सगळं पाहिलं. भरल्या पोटाने साप प्रवासाला काढायचा नसतो, उलटी करतो. त्यामुळे त्या दिवशी पैसे देऊन परत आले आणि पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन गेलो. कुरिअरने जिवंत प्राणी मागवणं मला पटत नाही. सुती पिशवी, ती भोकं पाडलेल्या डब्यात, डबा थर्माकोलच्या खोक्यात. पेठ नाक्यापर्यंत यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पेटी विकतची घेतली नाही. मिल्क स्नेक किंगस्नेकच्या कुळातला. फट दिसली की डोकं घालणार आणि डोकं गेलं की बाकीचा साप मागून जाणारच. आमचं मेडिकल आहे. तिथल्या काउंटरला असतं तसं सरकतं काचेचं दार आणि काचेचं कुलूप बसवून ॲल्युमिनिअमच्या खिडक्या करणाऱ्याकडून पेटी करून घेतली. खाली कोकोपीट, दोन्ही टोकांना लपायला अर्ध्या कापलेल्या मातीच्या कुंड्या, पाण्याचं जड भांडं. लपायच्या जागा दोन हव्यातच, कारण पेटीचं एक टोक गरम ठेवायचं असतं, दुसरं थंड. एकच असली तर साप लपायचं की गरम राहायचं यात अडकतो, आणि हा प्राणी लपण्याच्याच बाजूने कौल देतो. पेटीत साप एकच. या कुळातले साप इतर साप खातात, सोबतीला म्हणून दुसरा ठेवणं म्हणजे जेवण वाढणं.

तापमानाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. पेटीचं एक टोक २९-३० अंश, दुसरं २४ च्या आसपास, हे बरोबर आहे, पण त्यांची सगळी हुशारी पेटी गरम कशी ठेवायची यावर खर्च होते. सांगलीत हीटिंग मॅट डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती लागते, तीही थर्मोस्टॅट लावूनच. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, बाहेर चाळीस अंश आणि वीज गेलेली. इथे मेडिकल कामाला आलं. इन्सुलिन आणि लसींबरोबर येणारे जेलचे पॅक आपण फेकून देतो; ते गोठवून फडक्यात गुंडाळायचे आणि थंड टोकाच्या काचेला बाहेरून टेकवायचे. पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या, पूर्वेच्या खोलीत जमिनीलगत ठेवली. पेटीतला आकडा ३२ च्या पुढे सरकला की पॅक बदलायचा, दुकानात गिऱ्हाईक असो नसो.

खाण्याचं म्हणाल तर सापाला त्रास नाही, घराला आहे. पिल्लाला पाच-सात दिवसांनी, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर, सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा फार मोठा नाही. पण तो उंदीर फ्रीजमध्ये असतो. सासूबाई एकादशीला कांदासुद्धा घरात चिरू देत नाहीत. वाद घातला नाही, जुना छोटा फ्रीज घेऊन गॅलरीत ठेवला. हळदीच्या गोदामातल्या शेजाऱ्यांनी "आमच्याकडे पाहिजे तेवढे हायत की ओ वहिनी" अशी प्रेमाने तयारी दाखवली, ती नाकारावी लागली. गोदामातल्या उंदराच्या पोटात विष असू शकतं, जंत तर असतातच. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करायचा, लांब चिमट्याने द्यायचा, नंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. आपले हात मात्र दर वेळी साबणाने धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

गळ्यात घालून मिरवायचा हा साप नव्हे. लहानपणी तर शेपूट थरथरवतो आणि घाण वासाचा द्रव सोडतो. डोळे निळसर झाले की कात येतेय असं समजायचं, ओलं शेवाळ घातलेला डबा आत ठेवायचा आणि त्याला एकटं सोडायचं.

सासूबाईंचं मत अजून पक्कं आहे की धामण म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचाही मिल्क स्नेकबद्दल हाच समज होता. गोठ्यात तो यायचा उंदरांसाठी. नागपंचमीला पाटावरच्या नागाचीच पूजा होते. दुधाची वाटी पेटीत जाणार नाही, एवढं आमच्यात ठरलंय.

पावसाळ्याची तयारी वेगळी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. आमची गल्ली सखल भागात. त्यामुळे सुती पिशवी, भोकांचा डबा आणि कागदांची प्लास्टिकची पिशवी जुलैपासून कपाटाच्या वरच्या फळीवर तयार असते. इशारा पातळी आली की खाणं थांबवते, कारण हलवायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. मोठा साप दोन-तीन आठवडे नुसत्या पाण्यावर आरामात राहतो. विट्याच्या नणंदेने पेटीला जागा द्यायचं कबूल केलंय, एका अटीवर: कुलपाची किल्ली तिच्याकडे राहील.